औषधी झाडे आणि भाजी एकाच परसात: वाफे पाण्याच्या हिशोबाने पाडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात घरामागे तीन गुंठे मध्यम काळी जमीन आहे. पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, बोअर मार्चअखेर आटते. पर्माकल्चरची (निसर्गातली रचना पाहून बाग आखण्याच्या पद्धतीची) माहिती गोळा करून चर खणले, पुठ्ठे अंथरून वर आच्छादन केले आणि भाजीच्या वाफ्यांतच शतावरी, अश्वगंधा, तुळस, हळद, कोरफड अशी मिश्र लागवड केली. सप्टेंबरपर्यंत शतावरी कुजली, अश्वगंधा नुसती पानावर गेली, पुठ्ठ्यांना वाळवी लागली, लव्हाळा सगळीकडे वर आला आणि एप्रिलमध्ये उरलेसुरले वाळून गेले. चूक कुठे झाली?

मूळ कारण एकच आहे. ज्यांची तहान आणि भूक वेगळी, अशी झाडे एका वाफ्यात आली. मेथी-पालकाला दर दोन दिवसांनी पाणी आणि भरपूर खत लागते. शतावरी, अश्वगंधा, कोरफड, अडुळसा यांना तेच पाणी आणि तेच खत मारक ठरते. मिश्र लागवड जरूर करा, पण सोबती निवडताना पहिली कसोटी पाण्याची लावा. कोणती वनस्पती कोणत्या दुखण्यावर चालते, किंवा कोणते दोन रोप शेजारी छान दिसतात, हे नंतर.

पर्माकल्चरची मांडणी बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात केली. तिथे थंड हवा आणि वर्षभर विभागून पडणारा पाऊस. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, त्यातले तीन महिने रणरणते ऊन. तत्त्वे तीच ठेवायची, पण आकृत्या जशाच्या तशा उचलायच्या नाहीत. दगड रचून चक्राकार वर चढत जाणारी मसाला-वाफी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एप्रिलमध्ये ते दगड इतके तापतात की वरच्या टोकाची माती सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत कोरडी होते. पुदिना किंवा ब्राह्मी तिथे तग धरत नाही. ती जागा कोरफडीला द्या, नाहीतर ती वाफी करूच नका.

आधी पाण्याचा हिशोब

कागदावर वाफे काढण्याआधी हा हिशोब मांडा. छप्पर ८० चौरस मीटर, पाऊस ५०० मिलिमीटर आणि गळती-बाष्पीभवन जाऊन ऐंशी टक्के हाती लागले, तर वर्षाला ३२,००० लिटर पाणी मिळते. उन्हाळ्यात आच्छादन केलेल्या भाजीच्या वाफ्याला दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण पाच लिटर धरा. वाफा १.२ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असेल, तर तो ४.८ चौरस मीटरचा झाला, म्हणजे २४ लिटर रोज. असे बारा वाफे पाडले, तर ते एप्रिलमध्ये जिवंत ठेवायला रोज जवळपास २९० लिटर लागतील. ते तुमच्याकडे नाहीत. पाच वाफे ठेवले तर रोज १२० लिटर, मार्च ते मे अशा ९० दिवसांचे १०,८०० लिटर. दहा हजार लिटरची एक टाकी पावसाळ्यात भरून झाकून ठेवली आणि मार्चमध्ये बोअरची थोडी जोड दिली की पाच वाफे निभावतात. बाकीचे सात वाफे मार्चमध्ये रिकामे करून जाड आच्छादनाखाली झोपवायचे. वर्षभर सगळी बाग हिरवीगार दिसलीच पाहिजे हा हट्ट कोरडवाहू भागात सोडावा लागतो.

चरांबद्दल. समपातळीवर खणलेला चर मुरमाड, उताराच्या जमिनीत उत्तम काम करतो. मध्यम ते भारी काळ्या जमिनीत उतार एक टक्क्याहून कमी असेल, तर चरातले पाणी खाली मुरण्याऐवजी बाजूच्या मुळांत साचते. तुमची शतावरी कुजण्यात याचाही हात असणार. तपासायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, एकदा पाणी भरून पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तासाला निदान दोन-तीन सेंटिमीटर उतरले पाहिजे. त्याहून सावकाश उतरत असेल, तर चराला एका टोकाला सांडवा द्या, म्हणजे जादा पाणी केळीच्या खड्ड्याकडे जाईल. घराच्या पायापासून चर निदान पाच मीटर लांब असू द्या. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्याचा त्रास भिंतींना होतो.

तीन पट्टे पाडा

पहिला पट्टा ओला, म्हणजे न्हाणीच्या पाण्याचा. जुन्या परसात मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ, केळ असायचीच. तेच नीट बांधून काढायचे. दोन मीटर व्यासाचा, ६० ते ७५ सेंटिमीटर खोल गोल खड्डा घ्या आणि निघालेली माती कडेने गोल बांधावर टाका. खड्ड्यात तळाला जाड फांद्या, वर वाळला पाला, नारळाच्या झावळ्या, स्वयंपाकघरातला ओला कचरा असे काठापेक्षा उंच भरा, ते वर्षभरात खाली बसते आणि पुन्हा भरावे लागते. बांधावर चार केळी, दोन केळींच्या मधे एखादी पपई, आतल्या उतारावर अळू आणि कर्दळ, बाहेरच्या उतारावर हळद. केळीच्या प्रत्येक गड्ड्यावर तीनच खुंट ठेवा: एक फळावर आलेला, एक अर्धा वाढलेला, एक लहान. बाकीचे कापून खड्ड्यातच टाका.

इथे दोन गोष्टी सांभाळा. धुण्याच्या पावडरीतले सोडियम काळ्या जमिनीत साचत गेले की ती चोपण होऊ लागते. वर पांढरट पापुद्रा येतो, पाणी साचून राहते, माती सिमेंटसारखी आवळते. म्हणून पावडरीचे पहिले पाणी गटारात सोडा आणि खळबळलेले पाणी तेवढे खड्ड्यात घ्या. दुसरे, या पाण्यावर मंडूकपर्णी किंवा नीरब्राह्मी लावू नका. ओल पाहून तिथे लावायचा मोह होतो, पण या वनस्पती पाण्यातले जड धातू पानांत ओढून घेतात आणि त्यांची पाने आपण कच्चीच खातो.

दुसरा पट्टा मध्यम पाण्याचा. हे भाजीचे वाफे. रुंदी १.२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, पाय वाफ्यात पडत नाही. मधली वाट ४५ सेंटिमीटर. पावसाळ्यासाठी गादी २० ते २५ सेंटिमीटर उंच ठेवा. उन्हाळ्यात जे पाच वाफे चालू ठेवणार, त्यांच्या कडा बोटभर उचलून मधला भाग खोलगट करून घ्या, नाहीतर पाणी वाटेवर ओघळून जाते. भाजीसोबत याच पट्ट्यात तुळस, सब्जा, पुदिना, ओव्याचे पान, आले, मंडूकपर्णी चालतात, कारण त्यांची तहान भाजीइतकीच आहे. पुदिना मात्र बूड कापलेल्या बादलीत लावून ती बादली जमिनीत पुरा, नाहीतर वर्षात सगळा वाफा त्याचा होतो. मंडूकपर्णी टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या सावलीत जमिनीवर पसरते आणि जिवंत आच्छादनाचे काम करते.

तिसरा पट्टा कोरडा. शतावरी, अश्वगंधा, कोरफड, अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, शेवगा. याला पहिले वर्ष सोडले तर पावसाव्यतिरिक्त फार थोडे पाणी द्यायचे. कुंपणाच्या कडेची, घरापासून लांबची जागा याला योग्य, कारण इथे रोज जावे लागत नाही.

पश्चिम आणि नैर्ऋत्य कडेला शेवगा आणि हादगा लावा. दुपारनंतरचे ऊन दुसऱ्या पट्ट्यावर गाळून पडले की उन्हाळी भाजीला खूप आराम मिळतो. शेवगा (वाण कोकण रुचिरा किंवा पीकेएम-१) मीटरभर वाढल्यावर शेंडा खुडा आणि पुढे दरवर्षी शेंगा संपल्यावर छाटा, नाहीतर शेंगा हाताला लागत नाहीत आणि वाऱ्याने फांद्या मोडतात. कुंपणावर दोन-दोन फुटांवर अडुळसा आणि त्यामधे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. गिरिपुष्पाचे मीटर-दीड मीटर लांब, मनगटाहून थोडे बारीक खुंट मे-जूनमध्ये खोचले की रुजतात. वर्षभराने मीटरच्या उंचीवर कापणी सुरू करा. वर्षातून तीनदा पाला मिळतो, आणि हाच पाला तुमच्या वाफ्यांचे नत्र आहे. बाहेरून आणलेल्या खताच्या पोत्यावर चालणारी बाग दोन वर्षांत थकते, म्हणून मी ही कुंपणाची रांग भाजीच्याही आधी लावायला सांगतो.

कोरड्या पट्ट्यातल्या खोडी

शतावरीसाठी काळ्या मातीत ४५ सेंटिमीटर उंच वरंबा करा. त्यात एक तृतीयांश मुरूम किंवा जाड वाळू आणि झाडामागे दोन-तीन किलो कुजलेले शेणखत मिसळा. दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि वर चढायला काटकी द्या. बी उगवायला तीन-चार आठवडे सहज लागतात, त्यामुळे घाबरून जास्त पाणी घालणे ही पहिली चूक असते. त्यापेक्षा रोपवाटिकेतून रोपे किंवा जुन्या झाडाचे डोळे असलेले गड्डे आणा. मुळ्या १८ ते २४ महिन्यांनी, हिवाळ्यात पाला पिवळा पडू लागल्यावर काढायच्या. ओल्या असतानाच साल आणि मधली शीर काढून टाका, वाळल्यावर ती निघत नाही. डोळ्यांचा भाग दोन-चार मुळ्यांसह परत लावला की पुढचे पीक चालू.

अश्वगंधा जूनमध्ये पेरली की मर रोग लागतो किंवा नुसती फोफावते. ऑगस्टअखेर, मोठा पाऊस ओसरल्यावर पेरा. बी सेंटिमीटरभर खोल, ओळीत ३० सेंटिमीटर अंतर, उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर ठेवा. शेणखत आधीच्या पिकाला घातलेले असेल तेवढे पुरे. नत्र आणि पाणी जास्त झाले की ताकद पानात जाते आणि मूळ बारीक राहते. जमिनीत ओल असेल तर पेरणीनंतर एक-दोनच पाण्यांवर ती निघते. १५० ते १८० दिवसांनी पाने वाळून फळे लाल झाली की उपटायची.

गुळवेलीची पेन्सिलएवढी जाड, दोन-तीन पेरांची कांडी जूनमध्ये कडुलिंबाच्या बुंध्यापासून फूटभर अंतरावर लावा. पण कडुलिंब मोठा असेल तरच. लहान झाडाला ती दोन पावसाळ्यांत झाकून टाकते. शेवग्यावर कधीच चढवू नका, ओझ्याने फांदी मोडते. वापरायला निदान दोन वर्षांची, बोटाएवढी जाड वेल घ्या आणि जमिनीपासून फूटभर सोडून कापा, तिथून ती पुन्हा फुटते.

गुळवेलीबाबत ओळख पक्की हवी. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी वेल रोपवाटिकांतून आणि शेजारपाजाऱ्यांकडून फिरते. आयुष मंत्रालयाने या दोन वेलींतला गोंधळ टाळण्याबद्दल जाहीर सूचना दिलेली आहे. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि चीक दुधट असतो. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट, तसल्या गाठी नसलेले, चीक नसलेले, आणि पिकलेले फळ लाल, गोल असते. शंका असेल तर वेल ठेवू नका.

हळद आणि आले

हळदीची लागण अक्षय्य तृतीयेपासून मेअखेरपर्यंत. एका चार मीटरच्या वाफ्यात ३० बाय ३० सेंटिमीटरवर साधारण पन्नास गड्डे बसतात. पन्नास ग्रॅमचा एक धरला तर अडीच किलो बेणे. दहा किलो कुजलेल्या शेणखतात शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा आणि लावताना खाली घाला. अडीच-तीन महिन्यांनी बुडाला मातीची भर लावणे चुकवू नका. कंद उघडे पडले की कंदमाशी त्यावर अंडी घालते, आणि तिच्या अळ्यांनी पोखरलेल्या जागी कंदकूज शिरते. बरेच लोक कूज पाण्यामुळेच झाली असे समजून पाणी तोडतात आणि माशी तशीच राहते. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणी. हळद झालेल्या वाफ्यात पुढची दोन वर्षे आले घेऊ नका, आणि आल्याच्या जागी हळदही नको, कारण दोन्हींचे रोग आणि किडी सारख्याच आहेत. त्या जागी ताग, मग मेथी किंवा चवळी घ्या.

पुठ्ठा, वाळवी, लव्हाळा

पुठ्ठा थंड-ओल्या हवेत चांगला. इथे तो दोन तऱ्हांनी नडतो. कोरड्या दिवसांत वाळवीला आयते अन्न मिळते, आणि पाऊस थोडा असेल तर पाणी त्यावरून घसरून जाते. शिवाय लव्हाळ्याचे टोकदार कोंब पुठ्ठा सहज भेदतात. हरळी आणि लव्हाळ्यावर एप्रिल-मेमध्ये वीतभर खोल खणून ढेकळे उलटवणे, गाठी आणि काशा वेचणे आणि बाकीचे उन्हात तापू देणे हाच खरा उपाय आहे. पहिल्या पावसावर गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो ताग दाट पेरा. ताग फुलावर यायच्या सुमारास, म्हणजे ४५ दिवसांच्या आसपास, बुडातून कापून तिथेच पसरा. सावलीत लव्हाळा मागे पडतो. एका वर्षात तो संपत नाही, दुसऱ्या वर्षी त्याच जागी रताळ्याचा वेल पसरवा.

आच्छादन हिवाळा-उन्हाळ्यात आठ ते दहा सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटे लांब, आणि वाळलेला पाला आधी भिजवून. जून लागताच ते निम्मे करा. जाड ओल्या आच्छादनाखाली शंखी गोगलगाय वाढते आणि कोवळी रोपे रात्रीत फस्त होतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या मधे टाका, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. ते मिठाचे पाणी बागेत ओतू नका. कडेने चुन्याचा दहा सेंटिमीटर रुंद पट्टा उपयोगी पडतो, पण पावसाने धुतला की पुन्हा टाकावा लागतो.

खत आणि किडी

भाजीच्या वाफ्याला प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला दर चौरस मीटरला तीन-चार किलो कुजलेले खत. कोरड्या पट्ट्याला फक्त जूनमध्ये, झाडामागे एखादे घमेले. जीवामृत करायचे तर एवढ्या बागेला वीस लिटरचा पिंप पुरतो: एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्या आणि आठवड्याच्या आत संपवा. गुंठ्याला पाच लिटर, ओल असलेल्या जमिनीवर. पुदिना, तुळस, मंडूकपर्णी, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर शेणाचे कोणतेही द्रावण फवारू नये.

सोबतीच्या झाडांबद्दल बरेच अतिरंजित सांगितले जाते. वाफ्याच्या कडेला झेंडूची चार रोपे लावून सूत्रकृमी (मुळांना लागणारे अतिसूक्ष्म कृमी) जात नाहीत. त्यासाठी तो सगळा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली ठेवावा लागतो. तुळशीच्या वासाने पांढरी माशी पळते यावरही भिस्त ठेवू नका. खरा उपयोग फुलांचा होतो. कोथिंबीर, शेपू, बडीशेपेची काही रोपे मुद्दाम फुलू द्या. त्या बारीक फुलांवर येणाऱ्या माश्यांच्या अळ्या आणि ढालकिडे मावा खातात. मावा अंगावर येऊ लागला तर पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून दहा लिटर करा, वीस ग्रॅम साधा साबण विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. कारले-दोडक्यात फळमाशीसाठी क्यूल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा आणि गळलेली फळे रोज उचला. ती केळीच्या खड्ड्यात टाकू नका, अळ्या तिथे पूर्ण वाढतात. घट्ट बांधलेल्या काळ्या पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवून मग कंपोस्टला द्या.

काढणी, आणि रोपे आणताना

तुळस फुलोरा सुरू होताच, दव उडाल्यावर, वीतभर बूड सोडून कापा. गवती चहा जमिनीपासून चार-पाच बोटे वर कापा आणि दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून नव्याने लावा. अडुळशाची जून, हिरवी पाने घ्या. सगळी पाने सावलीत पातळ थरात वाळवायची. बोटांत चुरा झाला की डब्यात भरा, नाव आणि महिना लिहा. उन्हात वाळवलेल्या तुळशीचा आणि गवती चहाचा सुगंध उडून जातो, आणि आपण त्याच्यासाठीच तर ती लावलेली असतात. अश्वगंधा, अडुळसा, शतावरी गर्भारपणात किंवा चालू औषधांसोबत वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, घरच्या मातीतली असली तरी. आणि धोतरा, गुंज, कण्हेर या विषारी झाडांना खाण्याच्या पट्ट्यांत जागा नको, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

रोपांसाठी डोंगरातून उपटून आणू नका. सह्याद्रीतल्या कितीतरी औषधी वनस्पती अशाच तोडीने दुर्मीळ झाल्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींचा प्रकल्प आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. तिथे झाड डोळ्यांनी पाहता येते. तुमच्याकडे जी शतावरी उरली असेल, तिचे कुजलेले भाग कापून, निरोगी डोळे सावलीत दोन दिवस सुकवून, मुरूम घातलेल्या वरंब्यावर मे महिन्यात लावा आणि पहिला चांगला पाऊस होईपर्यंत आठवड्यातून एकदाच पाणी द्या.